स्थानबद्ध स्थलांतरितांची भेट : ब्रिटनमधील व्यवस्थेचे आणि भेटकर्त्यांच्या सेवेचे परीक्षण

इमिग्रेशनच्या कारणावरून स्थानबद्ध केलेल्या माणसाला भेटायला जाण्याची वेळ आपल्यापैकी फार थोड्यांवर येते, आणि ज्यांच्यावर येते त्यांच्यावर ती अचानक येते. व्हिसाची मुदत उलटल्यावर मागे राहिलेला मुलगा, परदेशी कामगार ठेवण्याचा मालकाचा परवाना रद्द झाल्याने अधांतरी झालेला कामगार, विमानतळावरच अडवलेली बहीण, अशा कुणाचा तरी तुटक फोन येतो आणि पुण्यात, कोल्हापुरात किंवा मडगावात बसलेल्या घरच्यांना सर्वांत आधी एवढेच जाणून घ्यायचे असते की, त्याला जाऊन कुणाला भेटता येईल का. ब्रिटनमध्ये अशी भेट घेता येते, तिची ठरलेली पद्धत आहे, आणि ज्यांचे इथे कुणीच नाही त्यांना भेटायला जाणाऱ्या स्वयंसेवकांचे गटही आहेत. मी अशाच एका गटामार्फत भेटीला जाते. अशा माणसांना जिथे ठेवतात त्या स्थानबद्धता केंद्रांची भेटीची व्यवस्था आणि या गटांची सेवा, अशा दोन्हींचे परीक्षण इथे करत आहे. माझ्या अनुभवातील केंद्राचे किंवा गटाचे नाव मी मुद्दाम घेतलेले नाही. जिथे नावे आली आहेत तिथली माहिती सार्वजनिक नोंदीतली आहे.

या भेटीचे मोल समजण्यासाठी आतली माणसे कोणत्या अवस्थेत आहेत हे आधी सांगायला हवे. ती इथे शिक्षा भोगत नसतात. काहींनी आश्रयासाठी अर्ज केलेला असतो, काहींचा व्हिसा संपलेला असतो, तर काही जण तुरुंगातली शिक्षा पूर्ण करून घरी जाण्याऐवजी थेट इकडे आणले गेलेले असतात. 1971 च्या इमिग्रेशन कायद्यातून आलेल्या अधिकारात होम ऑफिसचा, म्हणजे ब्रिटनच्या गृहखात्याचा, अधिकारी त्यांना स्थानबद्ध करतो आणि त्यासाठी आधी न्यायाधीशाचा हुकूम घ्यावा लागत नाही. गर्भवती स्त्रियांना 72 तासांपेक्षा अधिक ठेवायचे नाही, मंत्र्याची मंजुरी असल्यास फार तर आठवडाभर, अशी मर्यादा 2016 च्या कायद्याने घातली. मुले असलेल्या कुटुंबांसाठीही वेगळे नियम आहेत. बाकी सर्वांना किती दिवस ठेवायचे याची कमाल मर्यादा कायद्यात नाही. बहुसंख्य लोक महिनाभरात बाहेर पडतात हे खरे आहे, परंतु आपण त्या बहुसंख्यांपैकी आहोत की नाही हे आत बसलेल्या माणसाला कळायला मार्ग नसतो, आणि काही जण अनेक महिने आतच राहतात. अलीकडच्या काही वर्षांत तर बाहेर पडलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक माणसे मायदेशी पाठवली न जाता जामिनावर पुन्हा ब्रिटनमध्येच सोडली गेली आहेत. मग त्यांना इतके दिवस कोंडून काय साधले, हा प्रश्न मला छळतो आणि तो मी इथे लपवणार नाही.

आता व्यवस्थेकडे वळते. पहिली अडचण माणूस नेमका कुठे आहे हे कळण्याची. अमेरिकेत निदान नाव आणि जन्मदेश घालून शोधता येईल असे सरकारी संकेतस्थळ आहे. ब्रिटनमध्ये मात्र बहुतेक वेळा आतल्या माणसाच्याच फोनची वाट पाहत बसावे लागते. हिथ्रो विमानतळाला लागून हार्मंड्सवर्थ आणि कोलनब्रुक ही दोन केंद्रे शेजारी शेजारी आहेत, गॅटविकजवळ ब्रुक हाउस आणि टिन्स्ली हाउस आहेत, बेडफर्डशरमध्ये यार्ल्स वुड आहे. लंडनमध्ये राहणाऱ्याला हिथ्रोची केंद्रे सर्वांत सोयीची पडतात, कारण हाउन्स्लोहून स्लाऊला जाणारी 81 क्रमांकाची बस त्याच रस्त्याने जाते. स्कॉटलंडमधील डंगेव्हल मात्र आडरानात आहे. ही पूर्वी हॅमिल्टनच्या सरदार घराण्याची शिकारीसाठीची गढी होती आणि 1941 मध्ये विमानाने एकटाच निघालेल्या रुडॉल्फ हेसला, म्हणजे हिटलरच्या सहकाऱ्याला, तिथेच पोहोचायचे होते, एवढी ती इतिहासात प्रसिद्ध आहे. परंतु गाडी नसलेल्या नातेवाइकाला तिथे जाणे आजही जिकिरीचे आहे. 2021 च्या अखेरीस डरहॅम परगण्यात डर्वेंटसाइड हे केंद्र स्त्रियांसाठी उघडण्यात आले तेव्हा तर लंडन किंवा लेस्टरमध्ये मुलेबाळे असलेल्या बाईला देशाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवले जाऊ लागले. प्रवासाचा खर्च ज्याचा त्याने करायचा असल्यामुळे भेट घेण्याचा हक्क कागदावर सर्वांना सारखा असला, तरी प्रत्यक्षात तो पत्त्यावर ठरतो. माझ्या दृष्टीने भेटीच्या व्यवस्थेतील हा सर्वांत मोठा दोष आहे आणि तो दूर करणे दारावरच्या कर्मचाऱ्याच्या हातात नाही.

भेटीची वेळ आधी फोन करून किंवा ईमेलने ठरवावी लागते. भेटणाऱ्याचे पूर्ण नाव, जन्मतारीख आणि पत्ता, तसेच आतल्या माणसाचे नाव आणि असल्यास होम ऑफिसचा संदर्भ क्रमांक विचारला जातो. दारावर मूळ ओळखपत्र दाखवावे लागते. पासपोर्ट किंवा गाडी चालवण्याचा परवाना असल्यास काम सोपे होते, मोबाइलमधला फोटो चालत नाही. मग छायाचित्र, बोटाचा ठसा, अंगझडती, एकामागून एक उघडणारे दोन-तीन दरवाजे असा क्रम असतो. मोबाइल, पाकीट, चाव्या, पाण्याची बाटली सगळे लॉकरमध्ये ठेवावे लागते. चहाच्या यंत्रासाठी थोडी चिल्लर तेवढी बरोबर नेता येते, म्हणून घरून निघतानाच सुटे पैसे घ्यावेत. डबा, लाडू, औषधे असे काहीही हातात देता येत नाही. कपडे आणि पुस्तके दारावर जमा करता येतात, मात्र काय चालेल हे आधी फोनवर विचारून घेतलेले बरे. हे सगळे उरकायला अपेक्षेपेक्षा बराच वेळ लागतो आणि तो बहुधा भेटीच्या वेळातूनच वजा होतो. तपासणी करणारे कर्मचारी बहुतांशी सौजन्याने वागतात, लहान मुले बरोबर असली तर थोडे हसून बोलतात, हेही नोंदवायला हवे. व्यवस्था मात्र तुरुंगाच्या व्यवस्थेवरून बेतलेली आहे, आणि ज्यांच्यावर कोणताही आरोप नाही अशांच्या आयाबहिणींनाही त्याच साच्यातून जावे लागते.

भेटीचा हॉल हा शाळेतल्या मधल्या सुटीच्या खोलीसारखा दिसतो: बुटकी टेबले, रंगीत खुर्च्या, एका कोपऱ्यात खेळणी, भिंतीलगत चहा-कॉफीचे आणि खाऊचे यंत्र. मधे काच नसते, समोरासमोर बसता येते, हात हातात घेता येतो, आणि ही फार मोठी गोष्ट आहे. मी जाते त्या केंद्रात स्थानबद्ध माणसाने आपली खुर्ची सोडायची नाही असा नियम आहे. यंत्राकडे उठून जायचे ते पाहुण्याने. एकदा साठीच्या आसपासचे एक पंजाबी गृहस्थ भेटले. मी चहाचे दोन कागदी पेले टेबलावर ठेवले तेव्हा ते बराच वेळ त्यांना हात लावीनात. "बहनजी, आमच्या घरी आलेल्याने उठून चहा आणायचा नसतो," असे ते शेवटी म्हणाले आणि ओशाळले. वकिलाने फोन उचलला नाही, मुलीचे लग्न जवळ आले आहे, हे सारे त्यांनी त्याआधी शांतपणे सांगितले होते. यजमानपण हिरावल्याचे दुःख त्यांना त्याहून जिव्हारी लागले होते. त्या केंद्रात हॉलमध्ये कागद-पेनही नेऊ देत नाहीत. त्यामुळे गाव समजावून सांगताना माणसे बोटाने टेबलावर नकाशा काढतात, इथे नहर, इथे गुरुद्वारा, इथे आमची विहीर, आणि मग तळहाताने टेबल पुसून पुन्हा पहिल्यापासून काढतात. या दोन नियमांमुळे सुरक्षितता वाढते असे मला वाटत नाही. ते बदलायला खर्चही येणार नाही.

आता स्वयंसेवी गटांविषयी. ब्रिटनमध्ये ही चळवळ नव्वदीच्या दशकात उभी राहिली. देशभरातील गटांना जोडणारी अविड ही संस्था 1994 ची, गॅटविकचा डिटेनीज वेल्फेअर ग्रुप 1995 चा. डंगेव्हलला स्कॉटिश डिटेनी व्हिजिटर्स या संस्थेचे लोक गाड्या करून नियमाने जातात. यातले बहुतेक गट मोजके पगारी कर्मचारी आणि बरेच स्वयंसेवक अशा बळावर चालतात. स्थानबद्ध माणूस स्वतः फोन करून भेटकर्ता मागू शकतो, त्यासाठी त्याला एक पैसाही द्यावा लागत नाही आणि भेटायला येणाऱ्याला त्याच्या प्रकरणाशी देणेघेणे नसते. सरकारने नेमलेल्या स्वतंत्र देखरेख मंडळाचे सदस्यही स्वयंसेवकच असतात, पण त्यांचे काम केंद्रावर लक्ष ठेवण्याचे आहे. भेटकर्ता केवळ एका माणसासाठी येतो.

आमच्या गटाचे प्रशिक्षण मला फार चांगले वाटले. त्यात कायद्याची तोंडओळख होती, परंतु भर होता तो मर्यादांवर. घरचा पत्ता द्यायचा नाही, पैसे द्यायचे नाहीत, जे पाळता येणार नाही असे काही कबूल करायचे नाही, आणि कुणाची कहाणी खोदून काढायची नाही, कारण तीच कहाणी त्याला होम ऑफिसपुढे, डॉक्टरपुढे आणि वकिलापुढे आधीच सांगावी लागलेली असते. कायद्याचा सल्ला तर अजिबात द्यायचा नाही. 1999 च्या कायद्याप्रमाणे नोंदणी नसताना इमिग्रेशनचा सल्ला देणे हा ब्रिटनमध्ये गुन्हा आहे. सुरुवातीला अनुभवी भेटकर्ता बरोबर येतो, पुढे ठरावीक काळाने सगळे एकत्र बसून बोलतात. जड झालेले मन हलके करायला ती बैठक फार उपयोगी पडते. गटाकडे आलेल्या विनंतीला उत्तर मिळायला कधी कधी उशीर होतो आणि तोवर तो माणूस दुसरीकडे हलवलेला असतो, एवढी एकच तक्रार माझ्याकडे आहे. माणसे कमी आणि विनंत्या जास्त हेच त्याचे कारण.

या सेवेतून नेमके काय मिळते, असे मला इथले मराठी स्नेही विचारतात. सुटका करून देता येत नाही, अर्ज भरून देता येत नाही, मग नुसते जाऊन बसायचे कशाला? माझे उत्तर असे आहे की, त्या जागेत कोणत्याच गोष्टीला तारीख नसते. सुनावणी पुढे ढकलली जाते, वकील बदलतो, शेजारचा माणूस रात्रीतून नेला जातो, आपले विमान ठरेल की जामीन मिळेल हे कुणी सांगू शकत नाही. अशा ठिकाणी दर गुरुवारी दुपारी अमुक एक बाई येते, हे एवढेच एक निश्चित असते. माणसे त्या दिवसासाठी दाढी करतात, धुतलेला शर्ट घालतात, काय सांगायचे ते मनात जुळवून ठेवतात. नेम हीच या सेवेची खरी गुणवत्ता आहे, आणि म्हणूनच अधूनमधून उत्साहाने येणाऱ्या दहा जणांपेक्षा न चुकता येणारा एक जण गटाला अधिक हवा असतो. ज्याला दर आठवड्याला जाणे शक्य नाही त्याने पंधरा दिवसांनी जावे, पण ठरल्या वाराला जावे.

व्यवस्था या नेमाला फारशी जपत नाही. एका केंद्रातून दुसऱ्या केंद्रात माणसे हलवली जातात, अनेकदा रात्री, आणि भेटकर्ता दारात पोहोचल्यावर त्याला ते कळते. मी अशी अनेकदा परत आले आहे. नातेवाइकांनी म्हणून भेटीच्या दिवशी सकाळी केंद्रात फोन करून माणूस तिथेच आहे याची खात्री करूनच निघावे, विशेषतः लांबून येणार असतील तर.

बाहेरची माणसे नियमाने आत जाण्याचे दुसरेही एक कारण आहे आणि ते गंभीर आहे. 2017 च्या सप्टेंबरमध्ये बीबीसीच्या पॅनोरमा कार्यक्रमाने ब्रुक हाउसमधील एका कर्मचाऱ्याने लपवलेल्या कॅमेऱ्याने टिपलेली, स्थानबद्धांशी होणाऱ्या गैरवागणुकीची दृश्ये दाखवली. तेव्हा ते केंद्र जीफोरएस ही कंपनी चालवत होती. केट ईव्ह्‌ज यांच्या अध्यक्षतेखालील चौकशीने 2023 च्या सप्टेंबरमध्ये अहवाल दिला. केवळ पाच महिन्यांच्या काळात अमानुष किंवा मानहानीकारक वागणुकीवरील बंदी मोडली गेल्याचा विश्वासार्ह पुरावा असलेल्या 19 घटना त्यात नोंदवल्या आहेत. अहवालातील 33 शिफारशींमध्ये स्थानबद्धतेला 28 दिवसांची कमाल मर्यादा घालावी ही शिफारस होती. सरकारने ती स्वीकारली नाही. त्या चौकशीत गॅटविकच्या भेटकर्त्यांच्या संस्थेनेही आपले म्हणणे मांडले होते. 2024 मध्ये तुरुंग निरीक्षकांनी हार्मंड्सवर्थची तपासणी केली तेव्हा इमिग्रेशनच्या केंद्रांत आजवर पाहिलेली सर्वांत वाईट परिस्थिती तिथे आढळल्याचे त्यांनी म्हटले. बाहेरच्या माणसांची ये-जा जिथे कमी असते तिथे असे प्रकार उशिरा उजेडात येतात, आणि आत गेलेल्या भेटकर्त्याने उतरलेला चेहरा, थरथरणारे हात, दोन भेटींत घटलेले वजन पाहिले तर ते गटाच्या समन्वयकाला सांगणे हे त्याचे कामच आहे. छळ झालेल्या किंवा स्थानबद्धतेने प्रकृती ढासळू शकणाऱ्या माणसाबाबत डॉक्टरने अहवाल द्यावा असा नियम केंद्रांच्या 2001 च्या नियमावलीत आहे. त्याला सगळे नियमाच्या क्रमांकावरून रूल 35 म्हणतात. हा अहवाल मागता येतो हे अनेकांना ठाऊकच नसते.

प्रत्यक्ष जाणे जमत नसेल तर फोनचा आधार आहे. कॅमेरा आणि इंटरनेट असलेले फोन आत वापरू देत नाहीत, त्याऐवजी साधा फोन मिळतो. 2020 मध्ये करोनामुळे भेटी बंद झाल्या तेव्हापासून व्हिडिओ कॉलची सोयही आली, आणि भारतातल्या घरच्यांसाठी ती मोलाची आहे. पैशांची मात्र चणचण असते: आत काम केले तर मजुरी तासाला एक पौंड. म्हणून आपणच फोन करावा, त्याच्या फोनची वाट पाहू नये.

नातेवाइकांसाठी काही गोष्टी अधिक स्पष्टपणे सांगते. केंद्रात वकिलाचा 30 मिनिटांचा सल्ला विनामूल्य मिळतो, त्यासाठी आत नाव नोंदवावे लागते आणि ते पहिल्याच दिवशी नोंदवायला सांगावे. जामिनासाठी न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. त्यात राहण्याचा पत्ता फार महत्त्वाचा असतो, तेव्हा ओळखीचे कुणी पत्ता द्यायला तयार आहे का याची विचारपूस लगेच सुरू करावी. 1998 पासून काम करणारी बेल फॉर इमिग्रेशन डिटेनीज ही संस्था वकील नसलेल्यांना अर्ज स्वतः कसा करायचा हे समजावणारी पुस्तिका देते. "तुमचा माणूस लवकर सोडवतो" असे सांगून रोख रक्कम मागणाऱ्यांपासून दूर राहावे. सल्लागाराची नोंदणी आहे का हे आधी तपासावे. भारतीय उच्चायुक्तालयाला कळवण्याचा हक्क 1963 च्या व्हिएन्ना करारानुसार आहे, परंतु आतल्या माणसाने आश्रयाचा अर्ज केला असेल तर त्याला विचारल्याशिवाय उच्चायुक्तालयाशी कुणीही परस्पर संपर्क साधू नये. प्रेमापोटी केलेला एक फोन त्याच्या प्रकरणाला घातक ठरू शकतो.

एकंदर मत असे. केंद्रांची भेटीची व्यवस्था चालण्याजोगी आहे, कर्मचारी बरे आहेत, समोरासमोर बसता येते. तिचे अंतर, तिचा वाया जाणारा वेळ आणि तिचे तुरुंगी नियम खटकतात. स्वयंसेवी गटांची सेवा मात्र मी मनापासून उत्तम म्हणेन आणि पश्चिम लंडन, स्लाऊ, क्रॉली किंवा बेडफर्डच्या परिसरात राहणाऱ्या मराठी माणसांनी तिच्यात सहभागी व्हावे असे आवर्जून सुचवेन. मे 2021 मध्ये भारत आणि ब्रिटन यांच्यात स्थलांतराविषयीचा करार झाला, त्यात परवान्याविना राहणाऱ्यांना परत पाठवण्याची तरतूदही आहे, आणि केंद्रांत भारतीय माणसे भेटतात, बहुतेक पंजाबी, काही गुजराती. त्यांच्याशी, तसेच पाकिस्तानी आणि अनेक अफगाण माणसांशीही आपल्या साध्या हिंदीत बोलता येते. गटाकडे अर्ज करताना आपल्याला येणाऱ्या सगळ्या भाषा लिहाव्यात, मोडक्यातोडक्या येणाऱ्याही. आठवड्यातला कोणता वार नक्की मोकळा असतो हे सांगावे. आणि प्रवासखर्च बहुतेक गट देतात, तो मागायला संकोच करू नये.